रेघ ज्याच्या बाजूला

अपघात झालेल्या गाड्या तपासणं हा माझा धंदा. कोणी विम्याचा दावा केला की कंपनी मला त्या जागेवर पाठवायची. गाडीचा मालक हातवारे करून सांगायचा की समोर कुत्रं आलं, मी करकचून ब्रेक दाबला, पण गाडी थांबलीच नाही. मी सगळं ऐकून घ्यायची, मान डोलवायची आणि मग रस्त्यावर उकिडवी बसून टायरच्या खुणा बघायची. ब्रेक दाबला की टायर रस्त्यावर आपली जबानी देऊन जातो. ज्याने दाबलाच नाही त्याच्यापुरता रस्ता कोरा असतो. अशी कितीतरी कुत्री मी खोटी पाडली. त्यामुळे माणसांविषयी माझं मत फारसं चांगलं नाही, आणि ते चांगलं असावं असं मला कधी वाटलंही नाही.

मग एका गॅरेजात ट्रकचा खालचा भाग बघताना मी दोन पावलं मागे सरकले आणि उघड्या खड्ड्यात पडले. त्या पडण्याचीही मी अंथरुणावरून नीट चौकशी केली. कोणी ढकललं नव्हतं, कोणी झाकण मुद्दाम काढून ठेवलं नव्हतं. मीच मागे न बघता सरकले होते. कमरेखालचं शरीर तेव्हापासून माझं ऐकत नाही.

ते एक वेळ सोसलं असतं. न सोसण्यासारखं होतं ते घरातलं गोड वातावरण. माझ्या नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान आहे. दिवसभर लोकांना भिंतीवरची बारीक अक्षरं वाचायला लावणारा हा माणूस पूर्वी घरी आला की माझ्याशी कडाकडा भांडायचा. खिडकी उघडी की बंद, पंखा दोनवर की तीनवर, त्याची बहीण बरोबर की मी, कशावरूनही. आमचा संसार त्या भांडणांवर तर चालला होता. आता मी काहीही म्हटलं की तो म्हणायचा, "बरोबर आहे तुझं." एकदा मी मुद्दाम भाजी करपवून त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती सगळी खाल्ली आणि खमंग झाली आहे म्हणाला. त्या दिवशी मी रडले, आणि का रडतेस असं विचारल्यावर कांदा चिरला होता असं सांगितलं. तेही त्याने बरोबर आहे म्हणून मान्य केलं. भाजीत कांदा नव्हता.

अशात आमचे साहेब घरी आले. कामावर परत ये म्हणाले. हाताने चालवायची गाडी देऊ, जिथे चाकाची खुर्ची जाईल तिथे तू जा, जिथे जाणार नाही तिथले फोटो बघ, तुझ्यासारखी नजर कोणाला नाही. महिनाअखेर कळव म्हणाले. सगळं ऐकायला बरं होतं, पण साहेब येताना फळं घेऊन आले होते. कामावर बोलवायला आलेला माणूस फळं घेऊन येत नाही. फळं घेऊन येतो तो आजाऱ्याला बघायला आलेला. साहेब गेल्यावर मी नवऱ्याला तसं म्हटलं, तर तो काय म्हणाला असेल ते सांगायला नको.

टेनिसचं त्यानेच काढलं. दुकानात कोणी गिऱ्हाईक आलं होतं, गावाबाहेरच्या क्लबात चाकाच्या खुर्चीवरून टेनिस शिकवतात असं बोललं, तुला जमेल असं सहज वाटलं. हे "सहज" त्याने इतकं जपून उच्चारलं की मी लगेच कान टवकारले. जन्मात कधी रॅकेट हातात न धरलेल्या बाईला सहज टेनिस का सुचवावं? मला दुपारभर घराबाहेर काढायचं होतं का? घरात काही शिजत होतं का? शहानिशा करायची तर जाऊन बघणं भाग होतं, म्हणून मी गेले.

क्लबाने चांगली कोर्टं चालत्या लोकांसाठी ठेवली होती आणि आम्हाला मागचं एक लाल मातीचं कोर्ट दिलं होतं. शिकवणारे मास्तर उंच, काटकुळे, गळ्यात शिट्टी. त्यांनी आधी खुर्ची दाखवली. तिची मोठी चाकं खाली फाकलेली आणि वर एकमेकांकडे झुकलेली होती. माझ्यापुढे अशी गाडी आली असती तर चाकांचा आस वाकला आहे असं मी डोळे मिटून लिहिलं असतं. पुढे दोन छोटी चाकं, आणि मागे अजून एक चिमुकलं, उलटं पडू नये म्हणून. ब्रेक कुठे आहे म्हणून विचारलं तर मास्तर म्हणाले, ब्रेक नाही, तुझे हातच ब्रेक. मग त्यांनी मला कमरेला, मांड्यांना आणि पावलांना पट्ट्यांनी घट्ट बांधलं. मी नवऱ्याकडे बघितलं. तो कुंपणाजवळ उभा राहून हसत होता आणि लांबून अंगठा दाखवत होता.

पहिला आठवडाभर चेंडू दिसलाच नाही. फक्त पुढे जा, मागे ये, वळ. मातीत चाक रुततं, खांदे भरून येतात. मग एका हातात रॅकेट धरून चाक ढकलायचं, म्हणजे दांडा आणि चाकाची कड दोन्ही एकाच मुठीत. अंगठ्याची साल निघाली. मास्तर सारखे ओरडायचे की थांबायचं नाही, उभ्या खुर्चीला पुन्हा हलवायला जास्त ताकद लागते. आणि चेंडू मारून झाला की त्याच्याकडे बघत बसायचं नाही, पाठ फिरवून गोल वळायचं आणि मागे आपल्या जागेकडे निघायचं. पाठ फिरवायची! समोर हातात रॅकेट घेतलेला माणूस आहे आणि आपण त्याला पाठ दाखवायची, हे माझ्या पचनीच पडेना. मी मान मुरगाळून मागे बघत वळायची, आणि खुर्ची हमखास जाळीत जायची.

चाकाच्या खुर्चीवाल्याला चेंडूचे दोन टप्पे चालतात, हे कळलं तेव्हा मी मास्तरांना विचारलं की ही दया कोणी मंजूर केली. त्यांनी मला खूप मागे उभं केलं आणि एक चेंडू कोपऱ्यात टाकला. तो दुसऱ्यांदा रेघेच्या पार बाहेर, कुंपणाजवळ उडाला. त्याच्यामागे जाऊन तो परत आणताना माझी जीभ बाहेर आली. मग ती दया आहे असं मी पुन्हा म्हटलं नाही.

पण खरा धक्का पुढेच होता. सरावाच्या सामन्यात पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर हे आपणच सांगायचं. दुसरा टप्पा की तिसरा, तेही आपणच. आणि समोरच्याने ते ऐकायचं. मी मास्तरांना दोनदा विचारून खात्री करून घेतली. म्हणजे ज्याचं नुकसान व्हायचं, तोच साक्षीदार आणि तोच न्यायाधीश? अशा पद्धतीने आमची कंपनी चालली असती तर आठवड्यात दिवाळं निघालं असतं.

"आणि शंका आली तर?" मी विचारलं.

"शंका आली तर पॉइंट समोरच्याचा," मास्तर म्हणाले.

मी म्हटलं, मला तर सगळ्याचीच शंका येते, मग काय सगळेच पॉइंट वाटून टाकू? मास्तर म्हणाले की काही दिवस तसं करून बघ.

हे सगळं चालू असताना कोर्टाच्या पलीकडून एक बाई मोठ्याने हसल्या. त्या बेकरीबाई. लहानपणी तापात पाय गेलेले, वय माझ्याहून दहाएक वर्षांनी जास्त, गावातली मोठी बेकरी त्यांची. पहाटे पीठ तिंबून तिंबून त्यांचे दंड असे झाले होते की खुर्ची त्यांना घाबरून पळायची. बाह्यांवर कायम मैदा. मला पहिल्या दिवसापासून त्या "इन्स्पेक्टर" म्हणत. मला त्या एकाच कारणासाठी आवडल्या. मी माझा पहिला फटका जाळ्यावरून कसाबसा पलीकडे घातला तेव्हा मास्तर, नवरा, पाणी देणारा, सगळे छान छान म्हणाले, आणि बेकरीबाई म्हणाल्या, "कोपर बघ कसं लोंबतंय."

त्याच सुमारास एका संध्याकाळी मी मोठा मूर्खपणा केला. नवरा साहेबांचा विषय घोळवत होता आणि मी वैतागले होते. मी म्हटलं, महिनाअखेरच्या सामन्यात बेकरीबाईंकडून एक गेम जिंकले, एकच, पण खराखुरा, तर साहेबांना हो म्हणेन. नाही जिंकले तर तो विषय घरात पुन्हा काढायचा नाही. बोलून झालं आणि मी जीभ चावली. संशयिताला कधी सांगू नये आपण काय शोधतोय ते. माझ्या हाताखाली कोणी असं केलं असतं तर मी त्याला हाकलून दिलं असतं.

झालंच तसं. पुढच्या वेळी नवरा मला सोडायला नेहमीपेक्षा लवकर निघाला. मी कपडे बदलून आले तर तो आणि मास्तर पाण्याच्या टाकीशी उभे राहून बोलत होते. मला बघताच दोघं गप्प झाले, आणि मग नवरा एकदम टाकीकडे बघून म्हणाला की टाकी मजबूत आहे. मास्तरांनीही ती मजबूत असल्याचं सांगितलं. दोन शहाणी माणसं टाकीविषयी एवढी एकमताने बोलायला लागली की कुठेतरी पाणी मुरतंय हे कळायला इन्स्पेक्टर व्हावं लागत नाही.

त्या दिवसापासून मी डोळ्यांत तेल घालून खेळायला लागले. म्हणजे चेंडूकडे कमी आणि माणसांकडे जास्त. मास्तरांचा आवाज मऊ झाला होता. माझा फटका बाहेर गेला तरी "थोडक्यात गेला" म्हणायचे, आणि तो थोडक्यात गेलेला नसायचा. सराव संपल्यावर ते बेकरीबाईंशी हळू आवाजात काही बोलले आणि बेकरीबाईंनी आपल्या गाडीत खुर्ची चढवता चढवता माझ्याकडे एकदाच वळून बघितलं. नवऱ्याचं मला काही वाटलं नसतं, त्याची सवय झाली होती. पण ही एक बाई राहिली होती. हिनेही मला करपलेली भाजी खमंग म्हणून दिली, तर मग जगात खरं सांगणारं कोणीच उरणार नव्हतं. आणि तशा नजरेवर मी कुठली कामावर जाणार? जिच्यापुढे सगळे ठरवून हरतात, तिने दुसऱ्यांची लबाडी काय शोधायची?

महिनाअखेरच्या रविवारी सामना झाला. चार गेम आधी जिंकेल तो विजयी, असा आमचा सरावाचा छोटा सामना. नवरा दुकान बंद ठेवून आला होता आणि कुंपणाला चिकटून उभा होता. आदल्या दिवशी कोर्टावर पाणी मारून रूळ फिरवला होता. माती गुळगुळीत आणि जराशी ओलसर होती, खुणा उमटायला अगदी हवी तशी. हे मी खेळाडू म्हणून बघितलं नाही.

पहिले तीन गेम बेकरीबाईंनी माझी पार धूळधाण केली. इकडच्या कोपऱ्यात, मग तिकडच्या कोपऱ्यात. मी धापा टाकत होते आणि मनातून सुखावत होते. एवढं निर्दयपणे कोणी दया करत नाही. मग वाटलं, हाच तर डाव असेल. आधी खरं वाटेल असं हरवायचं आणि मग हळूच एक गेम पुढे सरकवायचा. मुरलेला लबाड असंच करतो.

चौथ्या गेममध्ये सर्व्ह माझी होती. कशी कोण जाणे, ती एकामागून एक आत पडत गेली. त्यांचे दोन फटके जाळ्यात गेले, माझे दोन बाहेर गेले, आणि ते बाहेर गेल्याचं त्यांनी चटकन आणि आनंदाने सांगितलं. बरोबरी झाली, मग एक पॉइंट मला मिळाला. अजून एक मिळाला की गेम माझा. मी सर्व्ह केली, त्यांनी परत मारला, मी मागे वळले, आणि या वेळी मान न मुरगाळता, पाठ पूर्ण फिरवून वळले, कारण दुसरं काही करायला वेळच नव्हता. वळण पूर्ण झालं तेव्हा चेंडू दुसऱ्या टप्प्यावर माझ्यासमोर होता. मी तो जीव खाऊन लांब, तिरका, त्यांच्या मागच्या कोपऱ्यात मारला.

बेकरीबाई निघाल्या. दोनदा चाक ढकललं. आणि मग थांबल्या. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. पोचू शकत होत्या आणि थांबल्या. चेंडू कोपऱ्यात पडला, उडाला आणि कुंपणाला जाऊन लागला.

"आत," त्या म्हणाल्या. "गेम तुझा."

कुंपणापाशी टाळ्या सुरू झाल्या. सगळ्यांत जोरात नवरा, दोन्ही हात डोक्यावर नेऊन. मास्तर शिट्टी काढून हसत होते. मला मात्र तोंडात मारल्यासारखं झालं. मी कोणाकडे न बघता जाळ्याच्या खांबाला वळसा घालून सरळ त्यांच्या बाजूला गेले. असं करत नाहीत, ते मला माहीत होतं. मास्तरांनी हाक मारली. मी थांबले नाही.

मातीवर सगळं स्वच्छ होतं. त्यांच्या चाकांच्या दोन सरळ रेघा कोपऱ्याकडे निघाल्या होत्या. मी मान खाली घालून त्यांच्या कडेकडेने गेले. मग एका जागी दोन्ही रेघा फिसकटल्या होत्या, माती पुढे ढकलली जाऊन तिचा बारीक कठडा झाला होता, छोट्या चाकांच्या खुणा तिरक्या झाल्या होत्या. इथे त्यांनी दोन्ही हातांनी चाकं आवळली होती. त्यापुढे काही नाही. इतकी स्पष्ट जबानी मला कित्येक वर्षांत मिळाली नव्हती. मी अजून थोडी पुढे गेले, कोपऱ्यापर्यंत, आणि खुर्ची वळवून त्यांच्याकडे तोंड केलं.

"तुम्ही मुद्दाम थांबलात," मी म्हटलं.

"थांबले," बेकरीबाई म्हणाल्या.

"का?"

"बाहेर जाणार असं वाटलं. उगाच कशाला हात दुखवा."

"मग आत का म्हणालात?"

"आत पडला म्हणून. रेघेला चाटून गेला. मलाही राग आला."

"खूण दाखवा."

बेकरीबाई सावकाश खुर्ची ढकलत माझ्याजवळ आल्या. त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्या चाकांकडे.

"तू तिच्यावर बसली आहेस," त्या म्हणाल्या.

मी खाली बघितलं. कोपऱ्यावरून, चुन्याच्या रेघेवरून, आतून बाहेरून सगळीकडून माझ्याच चाकांचे पट्टे गेले होते. वळताना तर मी ती जागा चांगली मळून काढली होती. पुरावा तुडवायचा नाही, पाऊल खुणेच्या बाजूला टाकायचं, हे मी नवीन पोरांना वर्षानुवर्षं शिकवलं. पायांनी चालत असते तर जन्मात ही चूक केली नसती. पण ही फाकलेली चाकं माझ्या खांद्यांपेक्षा रुंद होती, आणि आपण आता केवढी जागा व्यापतो हे मी अजून शिकले नव्हते. ज्या एका खुणेवर सगळं अवलंबून होतं, ती मीच पुसली होती. चेंडू आत होता की बाहेर हे आता फक्त एका माणसाला माहीत होतं, आणि ते माणूस माझ्यासमोर मैदा झटकत बसलं होतं.

मी आवाज खाली आणून विचारलं, "माझ्या नवऱ्याने तुम्हाला काही सांगितलं होतं का?"

"मास्तरांकरवी. एक गेम सोडा म्हणे."

"मग?"

"मी म्हटलं, उरलेला पाव मी फुकट वाटते, गेम वाटत नाही." त्यांनी चेंडू रॅकेटने उचलून माझ्या मांडीवर टाकला. "सोडायचाच असता तर पहिलाच सोडला असता आणि लवकर घरी गेले असते. चल, तुझ्या बाजूला जा. माझी सर्व्ह आहे."

मी परत गेले. पुढच्या गेममध्ये त्यांनी मला एकही पॉइंट मिळू दिला नाही. चार-एकने मी हरले. हात मिळवताना त्या म्हणाल्या की कोपर अजून लोंबतंय.

परतताना मी गाडीत नवऱ्याच्या शेजारी बसले होते आणि माझी खुर्ची मागे घडी घालून ठेवली होती. तो उत्साहाने बोलत होता. काय फटका होता, सगळे काय म्हणाले, साहेबांना कधी फोन करायचा. मी त्याला विचारलं की टाकी कशी आहे. त्याने गिअर बदलला. मग म्हणाला, "चुकलं माझं. बरोबर आहे तुझं."

"काय बरोबर आहे?"

"तू म्हणशील ते."

"मी अजून काही म्हटलेलंच नाही," मी म्हटलं. मग मी म्हणत गेले. भाजीपासून सुरुवात केली. त्या टाळ्या, तो अंगठा, साहेबांची फळं. साहेबांना फळं आणायला तूच सांगितलं असशील. टेनिसचं गिऱ्हाईकही खोटंच असणार. तो बरोबर आहे, बरोबर आहे म्हणत गाडी चालवत राहिला, आणि मी टोचत राहिले. मला थांबवेना. शेवटी मी म्हटलं की तू दुपारी मला घराबाहेर का काढतोस ते मला कळलं आहे.

त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. त्याचे हात स्टिअरिंगवर होते आणि बोटं पांढरी पडली होती.

"हो, काढतो," तो म्हणाला. "तू घरी असलीस की मला घरी यावंसं वाटत नाही. पाच मिनिटं उशीर झाला तर तू माझ्या बुटांची माती बघतेस. मी हसलो तर का हसलो, नाही हसलो तर का नाही. दोन वर्षं मी हो म्हणतोय, कारण नाही म्हटलं की तू रडशील अशी भीती वाटते, आणि हो म्हटलं तरी रडतेसच. भाजीत कांदा नव्हता, मला काय कळत नाही? करपलेलीच होती ती, आणि तू मुद्दाम करपवली होतीस. फळांचं मला माहीत नाही. साहेबांना विचार. पण तू कामावर जा. लोकांच्या गाड्या तपास, त्यांची कुत्री शोध. मला सोड. मी सामना विकत घ्यायला गेलो, कारण मला तू परत हवी आहेस, आणि ही जी घरात बसली आहे ती नको आहे."

मला लागलं. खोटं कशाला सांगू. इतकं वाईट तो मला आमच्या सगळ्यांत मोठ्या भांडणातही बोलला नव्हता. आणि त्याच वेळी, हे कसं सांगावं, जीव भांड्यात पडला. इतके दिवस ज्याला घरभर शोधत होते तो माणूस इथे, शेजारच्या सीटवर, लालबुंद होऊन बसला होता. आमच्या बाजूने एक ट्रक इतक्या जवळून गेला की गाडी हलली.

"गाडी नीट लाव," मी म्हटलं. "चाकं रेघेवर आहेत. कोणी येऊन ठोकेल आणि दावाही मिळायचा नाही."

कडेची ती पांढरी रेघ त्याच्या बाजूला होती. त्याने खिडकीची काच खाली केली, मान बाहेर काढून खाली बघितलं आणि पुन्हा आत आला. मी वाट बघत होते. बरोबर आहे तुझं असं तो म्हणाला असता तर मला वाटतं मी दार उघडून रस्त्यावर पडले असते.

"नाहीत," तो म्हणाला. "चांगली हातभर आत आहेत. तुझं चुकतंय."

माझा हात सवयीने पट्ट्याकडे गेला होता. सोडून, त्याच्या अंगावरून वाकून, स्वतः बघायला. मी तो हात परत मांडीवर ठेवला.

"बरं," मी म्हटलं. "आत तर आत. माझा फोन दे मागचा. रविवारी साहेबांना उठवायला मला पूर्वीपासून आवडतं."